अर्धा आटा मागे

विश्वास बसणार नाही तुमचा, आणि बसू नयेच. पण वाईट कामाबद्दल शाल, नारळ आणि प्रमाणपत्र मिळालेला अख्ख्या मराठवाड्यातला एकमेव नळ-फिटर मी आहे. अंगद सुरवसे, मुक्काम उदगीर. नारळाची चटणी त्याच दिवशी झाली. शाल सुनेनं इस्त्रीच्या टेबलावर अंथरली. प्रमाणपत्र मात्र नंदूच्या दुकानात भिंतीवर टांगलेलं आहे, ज्याला शंका असेल त्यानं जाऊन बघावं.

नंदू म्हणजे राजनंदिनी. माझा जोडीदार केरबा पांचाळ, त्याची एकुलती एक लेक. पुण्याची नोकरी सोडून परत आली, आता पाईप, कॉक, पाने, तोट्या असलं सामान विकते. तिच्या दुकानापुढच्या बाकड्यावर मी दुपारभर बसतो. ती चहा पाजते आणि मी गिऱ्हाइकाला गोष्टीत गुंतवून थोपवून धरतो, असा आमचा व्यवहार.

परवा बिरादार गुरुजी तरातरा दुकानात शिरले. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"नंदू, तू दिलेला फिटर नालायक आहे! नवीन घर बांधलं, आणि पहिल्या दिवसापासून जोड पाझरतोय. थेंब, थेंब, थेंब. बोलायला गेलो तर मलाच शिकवतो, म्हणे असंच असतं, खाली वाटी ठेवा."

"बरोबर सांगितलं त्यानं, गुरुजी."

"गळका जोड बरोबर?"

नंदूनं माझ्याकडं पाहिलं. "काका, सांगा यांना. पण आखूड सांगा."

आखूड सांगायला मी काय मोबाईलवर निरोप टाकतोय? मी सरकून गुरुजींना जागा करून दिली.

"गुरुजी, तुमच्या घरात जित्ता पाईप आहे ना?"

"आता दुसरा मिळतो कुठं?"

"मग तो गळलाच पाहिजे. आणि हा शोध माझा आहे."

"तुमचा?"

"म्हणजे माझ्या आळसाचा."

नंदू खुदकन हसली आणि तिनं पोऱ्याला न सांगता स्वतःच उठून चहाचं आधण ठेवलं. गोष्ट लांबणार हे तिला कळलं होतं.

*

केरबा आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. तेव्हा लोखंडी पाईप होते. पाईपाच्या तोंडाला पेचाच्या खाचा असतात, त्या आट्यांवर सूत गुंडाळायचं, सफेद्याचा लेप थापायचा आणि पान्यानं आवळायचं. उस्ताद मला म्हणायचा, "अंगद्या, तू जोड बसवत नाहीस, दोन पाईपांची ओळख करून देतोस." आणि केरबाबद्दल काय म्हणायचा? काहीच नाही. त्याच्या जोडावरून नुसता हात फिरवायचा.

केरबानं आवळलेला जोड मुंगीला वास लागू देत नसे. त्यानं काम केलेली एक दुमजली इमारत पुढं भूकंपात बसली. बसली म्हणजे जमीनदोस्त. पण नळाची उभी लाईन तशीच आकाशात, आणि वरच्या मजल्यावरची तोटी चालू केली तर पाणी येतंय!

"भूकंपात पाणीपुरवठा चालू होता?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, वर्गात मुलं असे प्रश्न विचारायची तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"बाहेर काढायचो."

"हां. तर ऐका."

काम संपलं की केरबा जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरायचा आणि घरी जायचा. सकाळी येऊन तो कागद उचलायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा. "घ्या, वाचा." कोरडा ठणठणीत! एका अक्षराची शाई फुटलेली नसायची. माझ्या जोडाखाली कागद ठेवला असता तर त्याची खीर झाली असती. म्हणून मी ठेवतच नसे.

एकदा मी त्याला म्हणालो, "अरे, एका थेंबानं काय बुडतंय?"

तो पाना पुसत होता. म्हणाला, "अंगद्या, आपल्या गावात बाया टँकरमागं पळतात. पाणी ज्याचं आहे त्याला पोचवायचं, एवढंच आपलं काम. वाटेत थेंब सांडला तर तो मी चोरला."

असा माणूस. आणि मी त्याचा जोडीदार. त्याच्या नावावर काम मिळायचं, माझ्या बडबडीवर वेळ जायचा.

*

मग आला जित्ता पाईप. कंपनीनं नाव दुसरंच ठेवलं होतं, जीभ वळत नव्हती. आमच्याकडं तो जित्ताच झाला.

तो कसा चालतो ते मला पुण्याच्या संशोधक कानिटकर मॅडमनी समजावलं, तसं सांगतो. या पाईपाच्या आतल्या अंगाला डोशाच्या पिठासारखा एक पातळ थर असतो. त्यात जिवाणू झोपलेले असतात. बी पेरावं तसे, कोरडे, वर्षानुवर्षं. पाईपाला तडा गेला की तिथं पाणी आणि हवा यांची गाठ पडते. ती गाठ पडली की हे उठतात, थरातच कालवलेलं खाद्य खातात, आणि आपल्या जड पाण्यात जो चुना विरघळलेला असतो त्याचा दगड घडवतात. तडा बुजला, हवा बंद झाली, की परत झोपले. आपल्या अंगावरची जखम भरते तसंच.

"हे मला माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "चुनखडी तयार करणारे जिवाणू. काँक्रीटच्या भेगा बुजवायला आधीपासून वापरतात."

"मग पुढचंही सांगा, मी चहा पितो."

गुरुजींनी हातानंच मला पुढं चालू द्यायची खूण केली.

आणखी एक गंमत होती. चिकटवायचं सोल्युशन लावलं की जिवाणू मरतात. म्हणून या पाईपाला पुन्हा आटे आले, पुन्हा पाना आला. प्लास्टिकच्या काळात ज्यांचे पाने गंजले होते ते आम्ही म्हातारे एकदम जावयासारखे झालो. केरबानं आपला पाना तेलात बुडवून काढला. उदगीरमधल्या सगळ्या चांगल्या इमारती त्याला मिळाल्या. मला उरलेल्या.

आणि वर्षभरात केरबाच्या इमारतींत पाणी यायचं बंद झालं.

सगळीकडं एकदम नाही. आधी पाहुण्यांच्या बाथरूममधली तोटी. मग गच्चीवरची. जी कमी वापरात ती आधी. तोटी उघडावी तर आत दुधी दगडाचा बोळा बसलेला. छिन्नीनं काढला की पंधरवड्यात पुन्हा. लोक केरबाच्या दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेले. त्यानं एकेक जोड उघडून तपासला. दोष कुठंच नाही.

माझ्या इमारतींत मात्र गंगा वाहत होती.

"का?" गुरुजी पुढं सरकले.

कारण साधं आहे, गुरुजी. त्या जिवाणूंना वस्तीला जागा लागते. पाणी आणि हवा भेटतील अशी. माझा जोड पहिले काही दिवस पाझरायचा. तिथं, आट्यांच्या फटीत, त्यांनी वस्ती केली, फट दगडानं भरली आणि बाकीच्या पाईपाला निरोप पाठवला. बोलून नव्हे, एक रसायन सोडतात ते पाण्यात. त्याचा अर्थ, इथं आमचं घर झालं, तुम्ही झोपा. मग सगळा पाईप शांत. पण केरबाच्या जोडात त्यांना फटच मिळाली नाही. अख्ख्या लाईनीत हवा भेटणार कुठं? एकाच ठिकाणी, तोटीच्या तोंडाशी. तिथं ते गेले आणि तोंड बंद केलं.

पाईपाला तोटी आणि तडा यांतला फरक कळत नव्हता. आणि तो फरक त्याला शिकवायला जोडातून थोडं पाणी सांडावं लागत होतं.

*

कानिटकर मॅडम माझं काम बघायला मुद्दाम पुण्याहून आल्या. सोबत दोन जण, हातात यंत्रं. माझे जोड त्यांनी भिंगातून बघितले. आयुष्यात कुणी माझा जोड दुसऱ्यांदा बघितला नव्हता.

"सुरवसे, तुमची पद्धत काय?"

"घाई," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढं त्यावरून नियम झाला. जलकारागीर मंडळ निघालं, परीक्षा आली, परवाना आला. नियम असा की जोड पूर्ण आवळायचा आणि मग अर्धा आटा मागं घ्यायचा. खाली निळा कागद धरायचा. त्यावर थेंब पडून कागद गुलाबी झाला तर काम पक्कं. कोरडा राहिला तर नापास. पहिल्या तुकडीत मी पहिला आलो. शाल, नारळ. भाषणात मी म्हणालो, माझं यश माझ्या उस्तादाला अर्पण. उस्ताद जिवंत असता तर त्यानं पाना फेकून मारला असता.

केरबा नापास झाला. कागद कोरडा.

आणि परवाना नसेल त्यानं पाईपाला हात लावायचा नाही, असा कायदा.

*

आता गुरुजी, असा प्रसंग कुणावर येऊ नये. केरबाला वाईट काम शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली.

त्याच्या अंगणात पाईपाचे तुकडे मांडून आम्ही बसलो. नंदू तेव्हा कॉलेजात होती. पायरीवर बसून बघायची.

"ढिला सोड, केरबा."

"सोडला की."

मी बघितलं. पोलाद!

"हा ढिला आहे? मनगट सैल सोड. समज, उशीर झालाय, घरी पाहुणे आलेत, चहा गार होतोय."

"पाहुणे थांबतील."

"बरं, समज हा नळ तुझ्या सासऱ्याचा आहे."

"माझा सासरा देवमाणूस होता."

"मग माझ्या सासऱ्याचा समज!"

तो हसला. हसत हसत आवळला. पुन्हा पोलाद. डाव्या हातानं करून बघितलं, डोळे मिटून करून बघितलं. ताप आला होता तेव्हा मुद्दाम उठवून बसवलं, तापातही तेच. डोक्याला सगळं पटलं होतं त्याच्या. मॅडमनी समजावलेलं शास्त्र त्यानं माझ्यापेक्षा लवकर उचललं, मला चार वेळा तोच सांगत होता. पण अर्धा आटा मागं घेतला की हात आपला आपण पुन्हा पुढं जायचा. मला ते दिसायचं. त्याला दिसत नसे.

लातूरला दुसऱ्यांदा परीक्षा झाली. भिंतीवर फळी, फळीवर जोड. कानिटकर मॅडम स्वतः आलेल्या. केरबा पास व्हावा असं त्यांनाही वाटत होतं, स्पष्ट दिसत होतं. केरबानं जोड आवळला. मग श्वास धरला आणि पाना मागं घेतला. अर्धा आटा. बरोबर अर्धा. आणि हात खाली घेतला.

आम्ही सगळे त्या जोडाकडं बघत राहिलो. खालच्या कडेला ओल आली. ओलीचा थेंब झाला. फुगला, लोंबला, आणि पडला कागदावर टप्पकन. निळ्यात गुलाबी फूल उमटलं. मी शिट्टी मारली. मॅडम हसल्या, शिक्का घ्यायला टेबलाकडं वळल्या.

दुसरा थेंब लोंबत होता.

केरबा त्याच्याकडं बघत होता. पुढं गेला आणि पाना लावून जोड आवळून टाकला. रडणाऱ्या पोराला आई उचलते ना, विचार न करता, तसं. मग रुमालानं जोड पुसला.

मॅडम शिक्का हातात घेऊन परत आल्या तेव्हा जोड कोरडा होता.

"पांचाळ, हे काय केलंत?"

केरबानं हातातल्या पान्याकडं बघितलं. त्यालाच माहीत नव्हतं.

*

गुरुजींचा चहा गार झाला होता. नंदू काउंटरवर एका तोटीची पुडी सोडून पुन्हा बांधत होती.

"मग तुम्ही त्यांना तुमच्या परवान्यावर काम का नाही दिलंत?" गुरुजींनी विचारलं.

दिलं की. तो पुढं, मी मागं. तो जोड आवळत जायचा आणि मी एकेक अर्धा आटा मागं घेत जायचो. फिटर दोन, काम एक, त्यातलं निम्मं उलटं. लोकांना करमणूक झाली. मीही हसवायचो त्यांना. म्हणायचो, बघा, हे लिहितात आणि मी खोडतो.

मी पाना मागं फिरवला की केरबा भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. एकदा देगलूर रोडच्या एका घरात तो तसाच उभा होता, मी मागं बसून गाणं गुणगुणत जोड सैल करत होतो. वळून बघितलं तर पाना खाली ठेवलेला. तो कधी निघून गेला ते कळलंच नाही. मला वाटलं, बिडी ओढायला गेला असेल. तो बिडी ओढत नव्हता, हे नंतर आठवलं.

त्यानंतर त्यानं कुणाच्या घरी काम केलं नाही.

स्वतःच्या घरात मात्र जित्ता पाईप त्यानंच बसवलेला होता, अगदी पहिल्या वर्षी, सगळ्यांत आधी, सगळ्यांत पक्का. जुना साधा पाईप आता बाजारात राहिला नव्हता. नंदू पुण्याला नोकरीला गेली, तिच्या खोलीतलं बेसिन बंद झालं. केरबाची बायको, आमच्या वहिनी, वारल्या, परसातली तोटी, जिथं त्या भांडी घासायच्या, ती महिन्याभरात मिटली. घरातलं माणूस कमी झालं की पाईप एक तोंड मिटायचा. शेवटी स्वयंपाकघरातली तोटी उरली. ती चालू राहावी म्हणून तो दिवसातून कितीदा तरी उघडायचा म्हणे, आणि उघडली की पाणी वाया जातंय म्हणून लगेच बंद करायचा. मग तीही गेली. त्या घराच्या कोपऱ्यावर नगरपालिकेचा नळ होता. तिथनं कळशीनं पाणी आणायचा. अख्ख्या उदगीरला पाणी पोचवलेला माणूस!

मी किती वेळा गेलो दारात. "केरबा, एक जोड आहे, मुख्य लाईनीचा. एकदा अर्धा आटा मागं घेऊ दे. मी घेतो, तू भिंतीकडं बघ." दार लोटून घ्यायचा. रागानं नाही. आपण ऊन आलं की लोटतो ना, तसं.

"अरेरे," गुरुजी म्हणाले. "मग तसंच राहिलं?"

*

तसंच कसं राहील, गुरुजी? मी आहे ना!

एक दिवस त्यानंच निरोप पाठवला. अंगद्याला बोलवा. मी चप्पल न घालता पळालो. बघतो तर केरबा अंगणात, मुख्य लाईन उघडी करून बसलेला. पाना तेल लावून तयार. मला बघितलं आणि पाना माझ्या हातात दिला. म्हणाला, "अंगद्या, तुझंच बरोबर होतं. फिरव."

"मी फिरवत नाही," मी म्हणालो. "दोघं फिरवू."

त्याच्या हातावर हात ठेवला आणि फिरवला, अर्धा आटा. मागं. जोड पाझरायला लागला. केरबानं काय केलं असेल? खाली कागद धरला! थेंब पडला, आणि हसला गुरुजी, पहिल्यांदा थेंब बघून हसला. आठवड्यात त्या जोडात दगड बसला, तोटीतला विरघळला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे. त्यानं तोटी उघडली. आधी हवा, मग लाल गढूळ, आणि मग असं स्वच्छ धो धो पाणी! आम्ही ओंजळीनं प्यालो. मला म्हणाला—

"काका."

नंदूनं पुडी खाली ठेवली होती. माझ्या भूकंपाला ती हसली होती, सासऱ्याला हसली होती. आता हसत नव्हती. गुरुजी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले.

"काका, बाकी काहीही सांगा. हे खोटं आहे. बाबांनी तुम्हाला बोलावलं नाही. 'तुझंच बरोबर होतं' असं ते कुणालाच म्हणाले नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता. "बाबांना शेवटची आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. शेजारच्या नळाचं आणलं, तुम्ही बसवलेल्या. आणि तो हंडा तुमच्याच खांद्यावर होता."